थांबायला शिकवणारे बेंजो मास्तर

तांबे मास्तर आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले आणि आठवड्याच्या आत त्यांनी आमची बेल वाजवून मला विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"तान्हं बाळ?"

नाही.

"नुकतंच कोणी वारलंय का?"

आता सांगा. भर दुपारची वेळ, हातात शंभर पानी वही, कानावर पेन्सिल, आणि हा माणूस दारात उभा राहून माझ्या घरातली मयत विचारतोय. मला वाटलं, विमावाला असणार. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत आणि तसेच राहणार आहेत, असं सुनावून मी दार लावून घेतलं. बाहेरून आवाज आला, "मग तुमच्या दारात जोरात वाजवायला हरकत नाही, वहिनी."

दोनच दिवसांनी चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक निघाली तेव्हा कळलं की हा माणूस बेंजो पार्टीचा मास्तर आहे. बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमात मांडीवर घेऊन छेडतात तो नव्हे. आपला बेंजो म्हणजे लाकडाची लांबट पेटी, वर तारा, आणि एका बाजूला टाइपरायटरसारखी नंबर घातलेली बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची, आणि आवाज वायरीतून कर्ण्यात सोडायचा. मग मागे ढोल, ताशे, ऑक्टोपॅड, वीस-पंचवीस माणसं. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत हळद काय, जयंती काय, गणपती काय, बेंजोशिवाय लोकांचा पाय उचलत नाही.

मी ठाण्याच्या एका कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेली बाई. मला कोणाचं कौतुक पटकन जमत नाही, वाटल्यास माझ्या सुनेला विचारा. पण मास्तरांचं करते. त्यांचा हात तारेवर पडला की गाण्याचे शब्द ठाऊक नसलेल्या माणसाच्याही ओठांवर शब्द येतात. आमच्या मागच्या गावात आगऱ्यांच्या एका हळदीत त्यांनी असं काही वाजवलं की गुडघ्याला पट्टा बांधून बसलेली नवऱ्याची आजी खुर्ची सोडून उठली, आणि तिला परत बसवायला चार माणसं लागली. त्या आजीने दुसऱ्या दिवशी मास्तरांना सुके बोंबील पाठवले.

तर अशा माणसाला वेड कसलं? न वाजवण्याचं.

सुपारी घेतली की मिरवणुकीच्या आधी दोन दिवस मास्तर अख्खा रस्ता पायी फिरायचे. दार न् दार वाजवायचे. आजारी कोण, बाळंतीण कोण, सुतक कुठे, बारावीचं पोर कुठे, सगळं वहीत उतरवायचे. आमच्या इथे दिवा स्टेशनजवळ वही घेऊन दारात आलेला माणूस पाणीखात्याचाच असतो असा समज आहे. एका बाईने त्यांना अर्धा तास झापलं, तीन रिकाम्या कळश्या आणून दाखवल्या. मास्तरांनी निमूट ऐकून घेतलं, वहीत 'पाणी नाही' असं लिहिलं आणि विचारलं, "पण आजारी कोणी नाही ना?" पुढच्या गल्लीतले एक आजोबा तर दरवर्षी मिरवणुकीच्या दोन दिवस आधी खाट धरायचे, का तर एवढी मोठी पार्टी आपल्या दारात आपल्यासाठी गप्प होते. मास्तरांना ते कळत होतं. तरी वहीत नाव असायचं.

मग रस्त्यावर खडूच्या रेघा. एक थांबायची, एक सुरू करायची. मिरवणुकीत पहिल्या रेघेवर मास्तरांचा हात वर जायचा आणि पंचवीस माणसं एका क्षणात मुकी. ढोल बंद, ताशे बंद, कर्णे बंद. नाचणाऱ्या पोरांचे हात हवेत तसेच. सगळा लवाजमा पाय न वाजवता त्या घरावरून पुढे सरकायचा. दुसरी रेघ आली की हात खाली, आणि गाणं सुरू. आणि कुठून सुरू? मधल्या वेळात ते मनातल्या मनात जिथवर आलं असेल, अगदी त्या मात्रेवरून. पंचवीसच्या पंचवीस जण गप्प राहून मोजत असायचे. मी आयुष्यात पुष्कळ वाजवणारे ऐकले, पण एवढं सुरात गप्प बसणारे दुसरे पाहिले नाहीत.

मंडळाच्या पोरांना अर्थात ते रुचायचं नाही. आम्ही तुम्हाला वाजवायला बोलावलं का गप्प बसायला, असं तोंडावर विचारायचे. मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "वाजवायला मशीनही आहे. गप्प बसायला माणूस लागतो." पोरं म्हणाली, मग मशीनच आणतो. आणि आणलं. डीजेला ना आजारी कळतं ना बाळंतीण. एक एक मंडळ तुटत गेलं, आणि शेवटी मास्तरांकडे आमच्या वस्तीची जयंती आणि वर्षाकाठी दोन-चार हळदी एवढंच उरलं. हे वेड लागलं कशाने असं मी एकदा विचारलेलं. "तरुणपणी कल्याणला एका दारात थांबायचं चुकलेलो," एवढंच म्हणाले.

शिकवणीचीही तीच तऱ्हा. क्लास गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. विद्यार्थी कोणत्याही वयाचा असो, मास्तर त्याला 'वादक' म्हणणार. "काय वादक, जेवलात?" पण त्या वादकाला पहिला महिनाभर वाजवायला मिळायचं नाही. मास्तर वाजवणार, त्याने फक्त मास्तरांच्या हाताकडे बघायचं. तो वर गेला की वादकाने मास्तरांच्या तारांवर तळवा दाबायचा. तार जरा जरी गुणगुणली तरी पहिल्यापासून. "बंद म्हणजे बंद," हे दिवसातून शंभर वेळा. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून बँकेतले एक साहेब गाडी घेऊन शिकायला यायचे आणि ट्रॅफिकमुळे रोज तासभर उशिरा पोचायचे. महिना झाल्यावर त्यांनी भीत भीत विचारलं की आता काहीतरी वाजवायला द्याल का. मास्तर म्हणाले, साहेब, थांबण्यात तर तुमचा हात कोणी धरणार नाही, तुमची तयारी घोडबंदरलाच झाली आहे. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हातात नखी दिली.

त्यांची सगळ्यात तयार विद्यार्थिनी म्हणजे प्रेरणा, फार्मसी शिकणारी, आमच्याच गल्लीतली. तिला मी एकदा चहा देताना सहज हात वर करून पंखा लावला, तर पोरीने बोलता बोलता तोंड मिटलं. मी हसून हसून बेजार. ती म्हणाली, "काकू, आता सवयच लागलीय. कोणाचा पण हात वर दिसला की बंद."

हसले मी तेव्हा. आता त्या हसण्याचीच लाज वाटते.

मास्तरांच्या बायकोबद्दल अजून सांगितलं नाही. विमल. महाडकडची. तिने मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं ते मैत्रिणीच्या हळदीत. एकच गाणं तिने तीनदा वाजवायला लावलं आणि चौथ्यांदा मास्तरांनी न सांगता वाजवलं. "तेवढ्यावर जमलं बघा," असं ती लाजून सांगायची, पन्नाशी उलटल्यावरही. आमच्या बिल्डिंगमध्ये आल्यावर दोनच वर्षांनी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला लागून तिची खाट, आणि सहा वर्षं ती त्या खाटेवर.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणालेले, यांना शांतता हवी, आवाजाचा त्रास होऊ देऊ नका. ते त्या महिन्यापुरतं असेल, वर्षापुरतं असेल, कोण जाणे. मास्तरांनी कधी परत विचारलं नाही. त्यांनी ते जन्माचं धरलं. घरी रियाज करायचा तर तारांखाली टॉवेलची घडी घालायचे. बाहेर नुसती बटणांची खटखट ऐकू यायची. मी जिन्यातून जाताना मला आमच्या कचेरीचा टायपिंग विभाग आठवायचा. आणि जयंतीच्या मिरवणुकीत खडूच्या दोन रेघांमधलं सगळ्यात लांब अंतर आमच्याच दारात. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी हात वर, पार मेडिकलच्या दुकानापुढे गेल्यावर खाली. मध्ये आमची बिल्डिंग. वर्षभर ज्या पार्टीची तालीम, तारांखाली टॉवेल घालून आणि ढोलांना चादरी बांधून, आमच्या गच्चीवर चालायची, ती आमच्याच दारात मुकी व्हायची.

वस्तीलाही ते पाठ झालं. गिरणीपाशी आल्यावर बायका आपण होऊन पोरांच्या तोंडावर हात ठेवायच्या. एकमेकांना सांगायचे, वर मास्तरीणबाई आहेत.

मिरवणुकीच्या दिवशी मास्तर दुपारपासून बाहेर, म्हणून विमलजवळ मी बसायचे. तिचं जड बोलणं मला सवयीने कळायचं. दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीला मी तिला चमच्याने चहा पाजत होते. स्टेशनच्या बाजूने बेंजो ऐकू यायला लागला तशी ती चहा प्यायची थांबली. मान खिडकीकडे. आवाज जवळ आला, अजून जवळ आला, तिचं डावं बोट चादरीवर ठेका धरायला लागलं. आणि गिरणीपाशी बंद. खालून नुसती पावलं. बराच वेळ नुसती पावलं. मग मेडिकलच्या पलीकडे परत सुरू, आणि लांब लांब जात संपलं. ती रडत होती.

"येतं, येतं," ती म्हणाली, "आणि माझ्या दारात आलं की मरतं."

मी म्हटलं, अगं बाई, मग सांग की त्यांना. तुला ऐकायचंय म्हणून सांग.

तिने मान हलवली. एकेक शब्द ओढून काढत बोलली. "ताई, त्यांना वाटतं, माझ्यासाठी करतात. माझ्यासाठी करण्यासारखं दुसरं काय उरलंय त्यांच्याकडं? ते पण काढून घेऊ? नका सांगू. माझी शपथ."

मी शपथ घेतली. ज्या बाईने सोसायटीच्या सेक्रेटरीला सोडलं नाही, टँकरवाल्याला सोडलं नाही, साहेबाच्या तोंडावर साहेबाच्या चुका काढल्या, तिने आयुष्यात एकदाच तोंड बंद ठेवलं आणि तेही नको तिथे. हळद असो की जयंती, दर खेपेला मास्तर मला जिन्यात विचारायचे, कालचा आवाज वर नाही ना आला, विमल नीट झोपली ना? मी म्हणायचे, नीट झोपली. ते खूश होऊन वर जायचे. अशी दोन वर्षं गेली.

या मार्चमध्ये विमलला दुसरा झटका आला. तीन आठवडे कल्याणला दवाखान्यात होती. घरी आणली ती डोळे उघडे, नजर आढ्याला. हाक मारली तर वळत नाही, चिमटा घेतला तर आक्रसत नाही. डॉक्टर म्हणाले, कानावर पडत असेल, नसेलही, सांगता येत नाही.

जयंतीच्या दोन दिवस आधी मास्तर खडू घेऊन जिना उतरत होते. मी त्यांना अडवलं आणि सगळं सांगून टाकलं. शपथ घेणारी मी, मोडणारीही मी.

मास्तर पायरीवर बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कधी म्हणाली हे?"

"दोन वर्षांपूर्वी."

"म्हणजे ती धरून दोन जयंत्या," ते म्हणाले. बोटांवर मोजावं तसं अंगठा दोन बोटांना लावून बघत राहिले. मग मला म्हणाले, "तुमची चूक नाही वहिनी. सगळ्या गल्लीच्या दारावर जाऊन विचारलं मी. आपल्या दारात विचारलं नाही."

या वर्षी गल्लीत आमच्या दारापुरत्या रेघा पडल्या नाहीत. जयंतीच्या सकाळी मास्तरांनी सगळ्या वादकांना गच्चीवर बोलावून सांगितलं, आज गिरणी ते मेडिकल थांबायचं नाही, उलट तिथे सगळ्यात जोरात. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रेरणाने तर मास्तरीणबाईंना आवडतं ते हळदीतलं गाणं तिथे घ्यायचं असंही ठरवून घेतलं. मास्तरांनी मला बजावलं की खिडकी पूर्ण उघडी ठेवा, तिचं तोंड खिडकीकडे करा, आणि तिच्याकडे बघत राहा, काय होतं ते मला सांगायचंय.

संध्याकाळी सहाच्या सुमारास स्टेशनकडून आवाज यायला लागला. मी विमलचा डावा हात हातात घेतला. कानाशी वाकून सांगितलं, विमल, आलेत गं. आज थांबणार नाहीत. आवाज वाढत वाढत गिरणीपाशी आला. ढोलाने खिडकीची काच थरथरायला लागली. आता तेच गाणं सुरू झालं, तीनदा मागून घेतलेलं. 

आणि बंद.

असं कसं झालं ते प्रेरणाने मला दुसऱ्या दिवशी रडत रडत सांगितलं. मास्तर बेंजोच्या चाकांच्या ट्रॉलीवर सगळ्यात पुढे होते. बिल्डिंग दिसली तसे त्यांना राहवलं नाही. मागे वळले आणि आणखी जोरात, आणखी जोरात, असं सांगायला त्यांनी हात वर केला. इतक्या वर्षांत मास्तरांनी थांबायची खूण शिकवली होती. न थांबण्याची खूण शिकवलीच नव्हती. पंचवीस तळवे तारांवर, चामड्यांवर पडले. साउंडच्या मिक्सरवाल्याने कर्णे बंद केले. "आम्हाला माहीत होतं काकू, सकाळीच सांगितलेलं," प्रेरणा म्हणाली, "पण हात आधी थांबला."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. सगळी गल्ली उभी. नाचणारी पोरं मान खाली घालून उभी. बायकांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवलेले. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलेलं. सगळे वर आमच्या खिडकीकडे बघत, अदबीने, जराही आवाज न करता. ट्रॉलीच्या छत्रीखाली मास्तरांची पाठ तेवढी दिसत होती, बेंजोवर वाकलेली. मला वाटलं, एकटे वाजवतायत. कर्णा बंद असल्यावर नुसत्या तारेचा आवाज पहिल्या मजल्यावर काय येणार? मी कान दिला. काही आलं नाही. विमलकडे पाहिलं. डोळे आढ्याला. हात माझ्या हातात, ओल्या फडक्यासारखा.

मग पावलं सुरू झाली, आणि ती मेडिकलच्या दिशेने गेली.

तासाभराने मास्तर वर आले. अंगावर गुलाल नाही, नीळ नाही, सदरा घामाने चिकटलेला. दारातच उभे राहून विचारलं, "ऐकलं तिने?"

मी काय करणार होते? दोन वर्षं खरं दडवलं, आता निदान एक खोटं तरी त्यांच्या कामी येऊ दे, असं वाटलं. म्हटलं, "हो. तुम्ही एकटे वाजवत होतात ना, ते ऐकलं तिने. बोटं हलली."



"मी वाजवलंच नाही वहिनी," ते म्हणाले. "नखी हातात होती. वर पाहिलं, तर सगळी वस्ती तिच्यासाठी गप्प उभी. त्यांच्यावर कसं वाजवू?"

 खाटेची कड धरून मी उभी राहिले. आता हा माणूस मला काय म्हणेल ते म्हणेल, ऐकून घ्यायचं, असं ठरवलं. पण ते खाटेपाशी आले, खाली बसले, विमलचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि तिची बोटं एक एक करून बघितली.

मग मान वर न करता विचारलं, "पण हलली म्हणालात ना?"

मी म्हटलं, "हलली."

"कुठलं बोट?"

मी हाताला लागलं ते बोट दाखवलं. मास्तरांनी ते आपल्या दोन बोटांत हलकेच धरलं आणि खिडकी लावून घ्या म्हणाले, बाहेर रिक्षांचा आवाज फार होता.

या गोष्टीला आता काही महिने झाले. क्लास अजून चालतो. मास्तर गच्चीवरून खाली येतात, हातपाय धुतात आणि ते बोट धरून बसतात. मी रोज सहाला चहा घेऊन जाते. "आज नाही हललं अजून," ते मला सांगतात, आणि मी बसते त्यांच्याजवळ थोडा वेळ.